तोळाभर वेखंड

आमच्या वैद्यबुवांना नीट बोलता येत नसे, आणि अवघ्या पुण्याला बोलतं करण्याचं औषध तेच देत असत.

यावर पुणेकरांनी किती तोंडसुख घेतलं असेल ते सांगायला नको. "बुवा, आधी आपण घ्या, मग आम्हाला द्या," हे तर रोजचंच. कसब्यात, तांबट आळीच्या तोंडाशी त्यांचं घर होतं. सकाळपासून ओट्यावर बसून ते सहाणेवर वेखंड उगाळत. येणारा-जाणारा एखादा टोमणा टाकी. वैद्यबुवा मान वर करत, उत्तर द्यायला तोंड उघडत, पहिल्याच अक्षरावर अडत, आणि टोमणा मारणारा हसत पुढे निघून जाई. तरी वैद्यबुवा आपलं वाक्य पुरं करत. तो माणूस चौकात पोचला असला, ऐकायला ओट्यावर फक्त मी असलो, तरी ते उत्तर शेवटच्या अक्षरापर्यंत नेत आणि मगच पुन्हा उगाळायला लागत.

"तो गेला की बुवा," मी एकदा म्हणालो.

"त्या... त्याचा तोटा," ते म्हणाले.

पुण्यात तुटक बोलण्याची ऐट आहे. वैद्यबुवांचं तुटक बोलणं निरुपायाचं होतं. एका वाक्याला त्यांना जेवढे कष्ट पडत, तेवढ्यात दुसऱ्याचं कीर्तन होई. म्हणून ते बोलायचे ते निवडून बोलायचे, आणि एकदा निवडलं की काही झालं तरी सोडायचे नाहीत.

मी त्यांच्याकडे दीड वर्ष राहिलो. माझे वडील जासूद होते. सातारा ते पुणे पत्रं पोचवण्यात त्यांचा जन्म गेला. पावसात पत्र भिजू नये म्हणून ते पागोट्याच्या आतल्या घडीत ठेवायचे आणि स्वतः चिंब व्हायचे. त्या पत्रांत काय लिहिलेलं असतं, ते मात्र त्यांना कधीच वाचता आलं नाही. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला. आमच्या लहानशा गावातल्या पंतोजींनी मला धुळीवर अक्षरं गिरवायला लावली, पुढे मोडी शिकवली आणि एक दिवस वडिलांना म्हणाले, "याला पुण्याला ने. फडावर वाचणारा कारकून होईल." त्या दोन माणसांचे उपकार मी विसरणार नाही. तिसरे वैद्यबुवा.

फड म्हणजे सरकारी दप्तराची कचेरी. तिथे आलेली पत्रं कारभाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावी लागत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ एकसारखी धावत असते. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्यानेच ठरवायचं असतं. एकट्याने मी कसलंही पत्र झरझर वाचत असे. पण पहिल्या परीक्षेच्या दिवशी कारभारी लोडाला टेकून समोर बसले, दोन्ही बाजूंना कारकून बसले, आणि मी पहिल्याच ओळीत 'सर्व कुशल आहे' याऐवजी 'सर्व कुशल हाय' असं वाचून गेलो. आमच्याकडे तसंच बोलतात. कारकून हसले. त्यानंतर माझा घसा जो मिटला, तो काही उघडेना. पत्र समोर होतं, अक्षरं दिसत होती, आवाज नव्हता.

कारभारी म्हणाले, "पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर एकदा ये. तेव्हाही असंच झालं, तर बापाची घुंगुरकाठी घे आणि पळायला लाग. त्याला आवाज लागत नाही."

वडिलांनी त्याच संध्याकाळी मला वैद्यबुवांच्या ओट्यावर नेऊन बसवलं. राहायला माडीवरची खोली आणि दोन वेळचं जेवण मिळायचं. बदल्यात मी खल चालवायचा.

औषध काय होतं ते मी उघड सांगतो, कारण वैद्यबुवांनी ते कधीच लपवलं नाही. वेखंड, ज्येष्ठमध, शंखपुष्पी, सावलीत वाळवलेली ब्राह्मी आणि चिमूटभर अक्कलकारा. हे सगळं कुटून वस्त्रगाळ करायचं, मधात कालवायचं आणि अनशापोटी जिभेवर ठेवायचं. अक्कलकाऱ्याने जीभ चरचरते, तोंडाला पाणी सुटतं, आणि आपल्याला जीभ आहे याची माणसाला आठवण होते. पाठांतर करणाऱ्यांसाठी मालकांगोणीचं तेल वेगळं असे, बत्ताशावर दोन थेंब. थेंब ते स्वतः मोजून देत.

खरी गंमत औषध घेतल्यानंतर होती. एकवीस दिवस रोज सकाळी यायचं, पुडी जिभेवर घ्यायची आणि जे बोलणं कुठेतरी जाऊन बोलायचं आहे ते वैद्यबुवांना बोलून दाखवायचं. ते डोळे मिटून ऐकत. मान हलवत नसत, हुंकार देत नसत. बोलणारा अडला तर अडू देत. शेजारी तांबटांचे हातोडे चाललेले असत, ठण ठण ठण, आणि इकडे एखादा मोठा माणूस एका शब्दासमोर गाढवासारखा उभा असे. वैद्यबुवा थांबून राहत.

त्या घरात एकच कायदा होता. दुसऱ्याच्या तोंडातला शब्द आपण पुरा करायचा नाही. ज्याने केला, त्याने तोळाभर वेखंड कुटून, फडक्यातून गाळून द्यायचं. वेखंड दिसतं साधं, पण आतून काथ्यासारखं चिवट असतं. कुटताना त्याची धूळ नाकात गेली की शिंकांनी जीव हैराण होतो. या दंडातून कोणालाही सूट नव्हती. एकदा पालखीतून आलेल्या एका दिवाणजींनी शेजारच्या रोग्याचा शब्द पुरवला, तर वैद्यबुवांनी त्यांच्या हातात बत्ता दिला. दिवाणजींनी पहिल्यांदा हसून पाहिलं, मग रागावून पाहिलं, मग कुटायला बसले. सातव्या शिंकेला त्यांची पगडी उडून ओट्याखाली गेली. पण दुसऱ्या दिवशी ते आले, आणि पुढचे वीस दिवस दुसऱ्याचं बोलणं ऐकून घेत होते.

घरात वैद्यबुवांची थोरली विधवा बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. भावाची सगळी राहून गेलेली वाक्यं जणू तिच्या वाट्याला आली होती. कोणी विचारलं, "आक्का, औषधाचा गुण येतो का हो?" तर ती म्हणे, "बोलण्याचं औषध आहे बाबा. ऐकण्याचं अजून कोणी काढलं नाही. निघालं की पहिली पुडी तुलाच." पण भाऊ बोलायला लागला की ती हातातलं काम ठेवून उभी राहायची. साठ वर्षांत तिने त्याचा एकही शब्द पुरा केला नव्हता.

श्रावण जवळ आला की ओट्यावर विद्यार्थ्यांची झुंबड उडे. पर्वतीजवळच्या रमण्यावर सरकारातून दक्षिणा वाटली जाई आणि शास्त्र नीट म्हणून दाखवील त्याला अधिक मिळे. वर्षभर झोपा काढलेले पठ्ठे त्या महिन्यात मालकांगोणीचं तेल मागायला येत.

"बुवा, यानं सगळं आठवेल ना?"

"वा... वाचलेलं."

"आणि न वाचलेलं?"

वैद्यबुवा आक्काकडे पाहत. ती म्हणे, "त्यासाठी दुसऱ्याच्या शेजारी बस."

एकाने दोन थेंबांवर समाधान न मानता मित्रांच्या वाट्याचंही तेल गोळा केलं आणि परीक्षेच्या सकाळी सगळं एकदम पिऊन टाकलं. त्याला वाटलं, महिन्याची स्मरणशक्ती एका दिवसात अंगी येईल. शास्त्रीबुवांसमोर बसला तेव्हा घामाने निथळत होता. पहिला श्लोक धडाक्यात म्हणाला, दुसऱ्याला हात जोडले आणि नदीकडे पळाला. संध्याकाळी तो पोट धरून तक्रार घेऊन आला. वैद्यबुवांनी त्याला ताक पाजलं, पांघरूण दिलं आणि पाव घटका झगडून एवढंच म्हणाले, "प... पळताना तिसरा श्लोक आठवला का?"

आठवला होता म्हणे.

श्रीमंत लोक येत ते औषधात सोनं घालून मागत. साध्या वेखंडाने आपली जीभ सुटेल हे त्यांना कमीपणाचं वाटे. वैद्यबुवा सोन्याचा वर्ख परत करत. "जी... जीभ जड होते," म्हणत. कोणी फार हट्ट धरला, तर त्याला तांबट आळीतल्या एखाद्या पोऱ्याच्या किंवा भाजीवालीच्या मांडीला मांडी लावून बसवत आणि एकाच वाटीतलं चाटण दोघांना देत. पुष्कळ जण तेवढ्यावरच उठून जात.

त्या आळीतलीच एक बाई एकदा आली. नवरा तापाने गेलेला. दिराने त्याची ऐरण आणि हातोडे उचलून आपल्या घरी नेले होते. बाईला नवऱ्याबरोबर बसून ठोके घालायचं काम येत होतं, ती हंडे घडवू शकत होती, पण ऐरणीवाचून कशावर घडवणार? पंचांसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. पंचांनी तिला महिन्याची मुदत दिली होती.

पहिल्या दिवशी ती डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून बसली आणि फक्त "माझी ऐरण" एवढं म्हणाली. वैद्यबुवा डोळे मिटून बसले होते. दुसऱ्या दिवशी "माझी ऐरण", आणि रडली. आठव्या दिवशी ऐरण कुठून आणली ते तिने सांगितलं. बाराव्या दिवशी दिराने ती कशी उचलली, तेव्हा दारात कोण कोण होतं, ते नावानिशी सांगितलं. एकोणिसाव्या दिवशी तिचा आवाज हातोड्यांच्या वर गेला. आळीतले ठोके एकदम थांबले. सगळे तांबट ऐकत होते. दीरही ऐकत होता.

ऐरण तिला मिळाली. आणि दिराने एका वजनदार शास्त्र्यांना हाताशी धरून वैद्यबुवांवर फिर्याद केली. फिर्याद अशी की हा वैद्य पात्र-अपात्र न पाहता वाणीचं औषध वाटतो, बायकामाणसांना तोंड फुटतं, घरं मोडतात, आणि हे थांबवावं.

सुनावणी त्याच कारभाऱ्यांच्या सदरेवर होती, ज्यांच्यासमोर महिन्याभराने मला पुन्हा पत्र वाचायचं होतं.

"तू येऊ नकोस," आक्का मला म्हणाली. "तुझं तोंड त्यांच्या लक्षात राहील."

मी गेलो. मोठा शूर होतो म्हणून नव्हे. वैद्यबुवांचं उपरणं घडी करून द्यायला मी होतो, जोडे सांभाळायला मी होतो, आणि सदरेवर त्यांना एकटं पाठवावं हे माझ्याच्याने होईना.

शास्त्रीबुवा छान बोलले. एक शब्द अडखळला नाही. शेवटी ते हसून म्हणाले, "आणि सरकार, एकच शंका. औषध एवढं गुणकारी आहे, तर वैद्य स्वतः का घेत नाहीत?"

सदर हसली. कारभारी वैद्यबुवांना म्हणाले, "बोला. थोडक्यात बोला, जेवणाची वेळ झाली आहे."

वैद्यबुवा उभे राहिले. "मी... मी बा..." इथे ते अडले. मानेच्या शिरा ताठल्या. कोणीतरी खोकलं, कोणीतरी कुजबुजलं. "बा... बारा वर्षं घे... घेतलं. गु... गुण..."

पुढचा शब्द येईना. कारभाऱ्यांच्या कपाळावर आठी चढली. मला वाटलं, आता हे उठतील आणि रागाच्या भरात घर बंद करण्याचा हुकूम देतील. औषधाने म्हणा, सवयीने म्हणा, माझी जीभ तोवर सुटली होती. मी पुढे झालो, हात जोडले आणि शुद्ध पुणेरीत म्हणालो, "गुण आला नाही, असं बुवांना म्हणायचं आहे. त्यांच्या हातून चूक झाली असेल तर सरकारांनी क्षमा करावी."

कारभाऱ्यांचा चेहरा सैल झाला. "बरं तर," म्हणत त्यांनी लोडावरचा हात उचलला. प्रकरण तिथेच मिटत होतं.

वैद्यबुवा माझ्याकडे वळले. त्या नजरेत राग नव्हता. बोट माझ्याकडे करून ते भर सदरेत म्हणाले, "तो... तोळा."

कोणालाच काही कळलं नाही. मला कळलं. माझे कान तापले. आणि मग वैद्यबुवा कारभाऱ्यांकडे वळले आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

"मी... मी बा... बारा वर्षं घेतलं."

पुढे ते जे बोलले ते मी इथे एका दमात लिहितो, पण तिथे त्याला पाऊण घटका लागली. ते म्हणाले: मी बारा वर्षं घेतलं. वडील वैद्य होते, त्यांनी जे जे उगवतं ते मला चारलं. गुण आला नाही. हे औषध भ्यालेल्या जिभेला लागतं. माझी भ्यालेली नाही, ती अशीच आहे. त्या बाईची भ्यालेली होती. ती का भ्याली होती, ते वेखंडाला विचारू नका. ते आपण शोधा.

सुरुवातीला लोक हसत होते. मग हसून हसून कंटाळले. मग चुळबुळले. आतून आमटीला दिलेल्या फोडणीचा वास येत होता. पण त्या माणसाच्या वाक्यातून बाहेर पडायला वाट नव्हती. तो थांबे तिथे सगळ्या सदरेला थांबावं लागे. शेवटी शेवटी तर पुढचा शब्द कोणता, म्हणून कारकूनसुद्धा माना पुढे करून बसले होते, आणि एकाचीही तो पुरवायची हिंमत नव्हती.

कारभारी म्हणाले, "असो. यापुढे घरातल्या पुरुषाने येऊन सांगितल्याशिवाय बायकांना औषध द्यायचं नाही. कबूल?"

"ना..." वैद्यबुवा म्हणाले. "ना... ना..."

सगळे थांबले. कारभारीही थांबले.

"नाही."

आणि उपरणं खांद्यावर टाकून ते निघाले. जोडे मी मागून धावत नेऊन दिले.

शिपाई येतील म्हणून आक्काने दोन दिवस दाराला कडी लावून ठेवली. वैद्यबुवांनी ती दोन्ही दिवस काढली आणि ओट्यावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी खरंच शिपाई आला. आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शिपाई इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "बुवा, सदरेवर लोकांना नाव घेऊन पुकारायचं असतं. ऐन वेळी माझी दातखीळ बसते. काही देता का?"

वैद्यबुवांनी त्याला तांबटाच्या त्या बाईशेजारी बसवलं. ती दिराशी आणखी एक गोष्ट बोलायची राहिली म्हणून पुन्हा येऊ लागली होती.

दसऱ्यानंतर मी फडावर गेलो. त्या सकाळी मी वैद्यबुवांना म्हणालो, "आज दोन पुड्या द्या." त्यांनी एकच दिली.

तीच बैठक, तेच कारकून. पत्र कुठल्याशा ठाण्यावरून आलेलं, लांबलचक. चार ओळी बऱ्या गेल्या. पाचवीत 'आहे' दिसलं आणि माझा घसा ओळखीच्या जागी येऊन मिटला. डावीकडून एक कारकून गोड आवाजात पुरवता झाला, "हाय... हाय..." हशा पिकला.

मला वडिलांचं पागोटं आठवलं. मग बत्ता आठवला. मी पत्र खाली ठेवलं, दम घेतला, उचललं आणि वरच्या 'श्री'पासून वाचायला लागलो.

"हे काय?" कारभारी म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून?"

"मध्ये दुसऱ्याचा शब्द पडला, सरकार. म्हणून."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तू त्या वैद्याबरोबर आला होतास."

"होय."

"त्या दिवशी आमटी गार झाली होती," कारभारी म्हणाले. "आज जरा लवकर आटप. वाच."

मी वाचलं. पाचव्या ओळीत पुन्हा अडलो. कोणी काही पुरवलं नाही. शब्द आपल्या वेळेला आला आणि पुढे गेलो. पत्र संपलं तेव्हा कारभारी डावीकडच्या कारकुनाला म्हणाले, "याला उद्यापासून बसायला जागा दे. तुझ्याच शेजारी."

मी कसब्यापर्यंत पळत आलो, माझे वडील पळत तसा. वैद्यबुवा ओट्यावर होते. आक्का दारात आली. मी सगळं एका दमात सांगितलं, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणालो, "बुवा, आपले उपकार फार आहेत."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. ते काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलं, पहिलं अक्षर ओठांशी आलं आणि अडलं. मला वाटलं, आशीर्वाद असेल, शाबासकी असेल. माझ्या जिभेवर दहा शब्द तयार होते. मी एकही पुढे केला नाही. आक्का हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. शेजारच्या घरात ती बाई ऐरणीवर ठोके घालत होती, आणि ते मोजता यावेत इतका वेळ गेला.

"तो..." वैद्यबुवा म्हणाले. "तो... तोळा. रा... राहिलाय."

मी बाही वर केली, खल पुढे ओढला आणि कुटायला बसलो.